खुर्ची हलवू नका

रविवार, ९ नोव्हेंबर

साबणाचा कारखाना झाला एकदाचा! पाय भरून आलेत, केसांत धूळ, नाकात अजून तो वास. बंद पडून किती वर्षं झाली कोण जाणे, पण भिंतींनी वास सोडलेला नाही. नवरोबा म्हणाला, "पडक्या जागेतून पहिल्यांदाच धुतल्यासारखी आलीस!"

आत सोडलं ते वॉचमनकाकांनी. कुलूप तोडणं, भिंतीवरून उड्या मारणं आमच्यात बसत नाही. विचारून जायचं, नाही म्हणाले तर मुकाट परत फिरायचं. काका म्हातारे, किडकिडीत, आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. हवा, गुडघे, सायकलचा ब्रेक, सगळं सांगून झालं. मग हळूच म्हणाले, "जा आत. पण मी सोडलं म्हणून कुठे बोलू नका बरं. मालकाला कळलं तर माझी नोकरी गेलीच." दादाने आणि मी माना डोलावल्या.

दादा लिफ्ट दुरुस्त करतो. त्यामुळे वरून काय पडेल आणि खाली काय खचेल याशिवाय त्याच्या डोक्यात दुसरं काही नसतं. जाड तळाचे बूट, तोंडाला मास्क, टॉर्च प्रत्येकाकडे दोन. आधी काठी, मग पाय. जिना चढायचा तो भिंतीच्या कडेने. एकट्याने कधीच जायचं नाही. आत शिरताना वहिनीला मेसेज, बाहेर आलो की पुन्हा मेसेज — वहिनी उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवते. आज शिंक आली म्हणून मी मास्क खाली केला तर केवढ्याने ओरडला! "छपराचे पत्रे जुने, ॲसबेस्टॉसचे आहेत, ही धूळ एकदा फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. तुला मी सांगायचं? रोज लोकांच्या छातीचे एक्स-रे कोण काढतं?" आता माझ्याच कामाचे दाखले मला देतो.

साबण उकळायचा तो मोठा हॉल म्हणजे डोळ्यांचं पारणं फिटलं. उंच खिडक्या, काच एकीलाही नाही, उन्हाचे लांब पट्टे, जमिनीवर पिठासारखी धूळ. आणि बरोबर मधोमध काय? खुर्ची! लाकडी, एका पायाला लाल चिंधी बांधलेली. आधी हसू आलं, मग संताप. आमच्या छंदातला हा जुनाट रोग आहे. कुठल्याही पडक्या इमारतीत जा, आधी येऊन गेलेल्या कोण्या शहाण्याने मधोमध खुर्ची मांडलेली असतेच. नाहीतर बाहुली, नाहीतर एकच बूट. म्हणजे फोटो कसा उदास येतो! वर चिंधीही लाल. रंग उठून दिसायला हवा ना!

कशाला हात लावायचा नाही, हा नियम मला मान्य आहे. पण ही खुर्ची तिथली नव्हतीच, कुणाचं तरी नाटक होतं ते. दादा जिना तपासत होता. धुळीत माझे ठसे उमटायला नकोत म्हणून मी लांबूनच काठी अडकवून खुर्ची ओढून घेतली आणि भिंतीशी ठेवली. मग फोटो काढला. रिकामा हॉल, ऊन, धूळ, बस्स. खुर्ची ओढल्याची रेघ तेवढी राहिली, ती घरी फोटोतून पुसता येईल.

खूश आहे मी. फार दिवसांनी.

सोमवार, १० नोव्हेंबर

दिवसभर रांग. एक आजोबा श्वास रोखून धरायला तयारच नव्हते — "रोखला आणि परत आलाच नाही तर?" फोटो अजून पाहिलेले नाहीत. जीव तिकडे लागलाय.

बुधवार, १२ नोव्हेंबर

घडलं तसं लिहून काढते.

सुट्टी होती. दुपारी फोटो मोठा करून ती रेघ पुसायला बसले. रेघेच्या कडेने धूळ निरखत होते आणि लक्षात आलं की धुळीत पावलं आहेत. आमची नव्हेत, जुनी, पुन्हा पुन्हा त्याच वाटेने उमटलेली. या दारातून त्या दारात जाणारी. सरळ जायला काही अडचण नाही, हॉल मोकळा आहे. पण पावलं सरळ जात नाहीत. मधोमध येतात, वळसा घालतात, आणि पलीकडे पुन्हा सरळ.

वळसा खुर्चीच्या जागेला.

मग नीट पाहिलं. काळ्या-पांढऱ्यातले बारीक फरक ओळखणं हीच तर माझी भाकरी. बाकी जमीन दगडी फरशीची, तेवढ्या चौकोनात मात्र धुळीखाली फळ्या आहेत. आणि तिरप्या उन्हात दिसतंय, की मधल्या फळ्या खाली बसल्यात. ती खुर्ची नाटक नव्हती. ती खूण होती. इथे पाय ठेवू नका, म्हणून. आणि ती लाल चिंधी! कुणा मूर्ख माणसालाही कळेल ती कशासाठी असते. मला नाही कळली. मी शहाणी ना!

दादाला फोन केला. फोटोत दिसलं ते सांगितलं.

"तू खुर्ची हलवलीस?"

"काठीने. लांबून."

"हौद असणार तिथे. साबणाचे हौद जमिनीत खोदलेले असतात. दीड-दोन पुरुष खोल. वरून कुणीतरी फळ्या टाकल्या असतील." मग म्हणाला, "अगं, तू जर ठशांची फिकीर केली नसतीस आणि चालत गेली असतीस..."

पण खरी भीती ती नाहीच. ती पावलं कुणाची? रोज तिथून कोण जातं? दुसरं आहे कोण? वॉचमनकाका! म्हातारा माणूस, संध्याकाळच्या फेरीला अंधुक उजेडात, खुर्ची दिसली की वळायची सवय झालेली. आणि खुर्ची आता भिंतीशी.

आत्ताच्या आत्ता जाऊ म्हटलं, तर दादाची कंबर कालपासून धरलीय. वहिनी मागून ओरडत होती, "अंथरुणावर कूस बदलता येत नाहीये त्यांना, कारखान्यात कुठे नेतेस!"

गुरुवार, १३ नोव्हेंबर

ड्यूटी संपली तशीच गेले. फक्त गेटपर्यंत, आत जाणार नाही, असं नवरोबाला कबूल करून.

गेटला आतून कडी. काकांची सायकल भिंतीला टेकवलेली. हाक मारली, गेट वाजवलं, गळा बसेपर्यंत ओरडले. कुणी नाही! गेटजवळच्या त्यांच्या शेडच्या खिडकीत पेला दिसत होता, पालथा घातलेला. एक कुत्रं तेवढं आलं, माझ्याकडे बघून निघून गेलं.

सायकल आहे आणि माणूस नाही. म्हणजे माणूस आत आहे. आत आहे आणि ओ देत नाही.

गेटावरून चढता आलं असतं. एक पाय टाकलाही होता आडव्या सळईवर. पण एकटी, विनापरवानगी, अंधार पडत आलेला — मीही त्याच हौदात गेले तर कुणाला पत्ता लागणार? उतरले. घरी येईस्तोवर बसमध्ये रडले. शेजारच्या बाईने रुमाल दिला, आणि काय झालं ते विचारलं नाही. देव तिचं भलं करो.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

डोळ्याला डोळा नाही. गेटच्या पाटीवरचा फोन नंबर फोटोतून शोधून लावला. बंद आहे तो. नवरोबा म्हणतो, "अग्निशमन दलाला कळव, ते बघतील." बरोबर आहे. पण ते आधी मालकाला बोलावणार, मालक विचारणार की आत खड्डा आहे हे या बाईला कसं कळलं, हिला सोडलं कुणी? म्हणजे काका तिकडे मजेत असले तर मी त्यांची नोकरी घालवली. आणि मजेत नसले तर? कळवायला उशीर केला म्हणून मी त्यांचा जीव घालवला. दोन्हीकडून मीच.

आज एकीला पाय सरळ ठेवा सांगून हाताचा एक्स-रे काढायला निघाले होते. विभागाच्या साहेबांनी फॉर्म माझ्यापुढे धरला, 'हात' या शब्दावर बोट ठेवून.

ठरलं. उद्या सकाळी नवरोबा बरोबर येतोय. काका दिसले नाहीत तर तिथूनच फोन करायचा, मग नोकरीचं काय व्हायचं ते होवो.

शनिवार, १५ नोव्हेंबर

आहेत! आहेत आहेत आहेत!

गेट वाजवलं आणि आतून आवाज आला, "आलो आलो, गेट मोडताय की काय!" मी तिथेच मटकन बसले. काका घाबरले, नवरोबाला म्हणाले, "काय हो, भोवळ आली का बाईंना?" मी नुसती हसत होते आणि डोळ्यांतून पाणी.

गुरुवारी कुठे होतात? तर सायकल पंक्चर, म्हणून मागच्या दाराने चालत तंबाखू आणायला गेले होते. तिथे कुणी ओळखीचा भेटला, आणि काकांना ओळखीचा भेटला म्हणजे मग काय!

खुर्चीचं सांगितलं. मान खाली घालून सांगितलं. तर ते खो-खो हसायला लागले. "अहो, ती खुर्ची काय तुम्हीच हलवलीत? तुम्ही फोटोवाले जेवढे येता तेवढे सगळे हलवता! एकाला डावीकडे हवी, एकाला आडवी हवी, एक तर तिच्यावर बसायला निघाला होता. मी तिथेच होतो म्हणून वाचला, नाहीतर... तुम्ही गेलात की मी फेरी मारतो आणि परत सरकवतो." गेल्या वर्षी त्यांचाच पाय मांडीपर्यंत आत गेला होता. फळीला धरून तसेच अडकून पडले, ओरडून ओरडून दमले, शेवटी आपले आपणच वर आले. मालकाला सांगितलं का? "सांगितलं ना. म्हणाला, बघू." मग घरची मोडकी खुर्ची सायकलला बांधून आणली.

हे सांगतानाही हसत होते! मला मात्र हसू येईना.

आत गेलो. नवरोबाला धुळीचं वावडं, मास्कवर रुमाल, रुमालावर मफलर — कोण कुणाला सांभाळायला आलं होतं देव जाणे. खुर्ची जागच्या जागी होती. काकांनी बांबूने ती सरकवायची कशी ते करून दाखवलं, कडेच्या फरशीवर उभं राहून. मग एकदम लाजले. म्हणाले, "माझा एक काढता का? मुलगी लांब असते. तिला वाटतं बाप नुसता गेटवर बसून झोपा काढतो." टोपी काढली, केसांवरून हात फिरवला, टोपी पुन्हा घातली. बांबू हातात, मागे खुर्ची, उन्हाचा पट्टा बरोबर तोंडावर. इतका चांगला फोटो मी आजवर काढलेला नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

झोपले! दुपारपर्यंत! वहिनीने दादाला फोन दिला. सगळं ऐकून तो आधी हसला, मग म्हणाला, "म्हातारा परत ठेवतो हे खरं. पण कुणीतरी हलवल्यापासून तो ठेवेपर्यंत मध्ये किती वेळ जातो? आणि तेवढ्यात दुसरं कुणी आलं तर?"

झालं. म्हणजे अजून काहीच मिटलेलं नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

दादाशी कडाक्याचं भांडण. म्हणजे आमचं जेवढं होतं तेवढं — तो कंबरेला पट्टा लावून खुर्चीत, मी समोर उभी, आणि वहिनी मधून चहा नेतेय.

माझं म्हणणं, आपल्या ग्रुपवर हे टाकायलाच हवं. पडक्या जागांचे फोटो काढणारे सगळे तिथे आहेत. खुर्ची हलवणारेही तिथेच आहेत. काकांचा फोटो टाकते, खाली लिहिते.

"लिही. पण चेहरा कशाला? आपण कुणाचा चेहरा दाखवत नाही."

"नुसती सूचना कोण वाचतं रे? हॉस्पिटलात भिंतभर सूचना लावल्यात, लोक त्यांना टेकून उभे राहतात! माणूस दिसला की लोक थांबतात. जागेचं नाव देत नाही, गाव देत नाही, काकांचं नाव देत नाही. आणि काकांना विचारलंय मी, गेटवर जाऊन विचारून आले. म्हणाले, टाका की! मुलगीही बघेल."

"त्यांना काय कळतं त्यातलं?"

"म्हणजे तुलाच कळतं सगळं?"

वहिनी म्हणाली, "टाकू दे हो तिला. चार दिवस जेवली नाहीये पोर." पोर! चाळिशी आली माझी.

संध्याकाळी टाकला. खाली लिहिलं — 'जुन्या कारखान्यात मधोमध खुर्ची दिसली तर ती फोटोसाठी आहे असं समजू नका. ती या काकांनी तुमच्या जिवासाठी ठेवली आहे. खुर्ची हलवू नका. मी हलवली होती.'

शेवटचं वाक्य लिहिताना कान तापले. पण राहू दिलं.

गुरुवार, २० नोव्हेंबर

लोक कबुली देतायत! "मीही हलवली होती." "मी त्या खुर्चीवर माझी बॅग ठेवली होती." एकाने लिहिलंय की दुसऱ्याच एका गोदामात जिन्याच्या तोंडाशी उलटी बादली होती, ती त्याने लाथेने उडवली होती, आता रात्री आठवून घाम फुटतो. एक मुलगी म्हणाली, "काकांना माझा नमस्कार सांगा." फोटो ग्रुपबाहेर गेलाय. कामावर आमच्या नर्सने मलाच दाखवला — "हे बघितलंस का? किती गोड म्हातारा!"

माझाच आहे तो, म्हणून सांगितलं. मिरवले थोडी. काय हरकत आहे?

रविवार, २३ नोव्हेंबर

फोटो कुठच्या कुठे पोचलाय. आज कुणीतरी खाली विचारलंय, "या खिडक्या त्या साबणाच्या कारखान्याच्या का?" मी उत्तर दिलं नाही. दुसऱ्याने दिलं, "हो, तोच."

दादाला दाखवलं. तो म्हणाला, "काढून टाक." मी काढला. पण माझा काढून काय उपयोग? हजार जणांनी पुढे पाठवलाय. पाण्यात सांडलेली शाई का गोळा करता येते? सारखं मनात येतंय की काही होणार नाही. मालक कसला फोटो बघतो! त्याने खड्डा सांगूनही पाहिला नाही.

मग दर पाच मिनिटांनी फोन का बघतेय मी?

मंगळवार, २५ नोव्हेंबर

काहीच घडलं नाही. मी उगाच. दादाही कामावर जायला लागला.

शनिवार, २९ नोव्हेंबर

काकांच्या मुलीसाठी फोटो मोठा करून फ्रेममध्ये बसवून आणला. फ्रेमवाला म्हणाला, "हे तुमचे वडील का?" मी नाही म्हणायच्या आत त्याने काच पुसून कागदात गुंडाळूनही टाकला. पुढच्या आठवड्यात नेऊन देणार.

मंगळवार, २ डिसेंबर

फ्रेम घेऊन गेले. दादा काम उरकून मागून येणार होता.

गेटवर दुसराच माणूस. तरुण, नवा कोरा गणवेश. म्हातारा? "त्याला काढला. लोकांना आत सोडायचा म्हणे. फोटो आला ना त्याचा सगळीकडे, मालकाने ओळखला." कुठे राहतात? माहीत नाही. मुलीचा पत्ता? माहीत नाही. हा नवाही चांगला माणूस आहे बिचारा, मला बसायला खुर्ची देत होता. आतून आणली होती म्हणाला, इथे बसायला काहीच नव्हतं. लाल चिंधी तेवढी सोडून टाकली होती.

मी फ्रेम त्याच्या हातात दिली, खुर्ची उचलली आणि एकटीच आत चालू लागले.